पेन्शन आलेल्या फौजी नवऱ्यासोबतचा संसार – सल्ला हवा आहे

कृष्णाकाठची | १२ ऑक्टोबर, रात्री ११:४८

बरीच वर्षं इथं रोमात (नुसती वाचत) आहे. पाककृतींच्या धाग्यांवरचे दोन-चार प्रतिसाद सोडले तर काही लिहिलेलं नाही. हा आयडी घरात कुणाला माहीत नाही, म्हणून धीर करून लिहितेय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस फौजेत असलेलं. आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शन आले. नोकरीतला बराच काळ काश्मीरमध्ये गेला, त्यात राष्ट्रीय रायफल्सचे, म्हणजे अतिरेक्यांशी लढणाऱ्या दलाचे, दोन टेन्युअर. दुसऱ्या खेपेला रोड ओपनिंगच्या (ताफ्याआधी रस्ता तपासायच्या) ड्यूटीवर यांच्या पुढच्या गाडीखाली आयईडी, म्हणजे पेरलेला बॉम्ब, फुटला. यांना खरचटलं आणि काही दिवस कान बंद होते, एवढंच आम्हाला फोनवर कळलं. पुढच्या गाडीत कोण होतं ते मला आजही माहीत नाही.

सुट्टीवर यायचे तेव्हा वाटायचं, दमून आलेला माणूस आहे, झोपू दे. आता ते रोजचंच झालंय. रात्री दोनला उठून गेट, मागचं दार, गोठा, मोटारीची पेटी सगळं तपासून येतात. एकदा झोपेत माझा हात असा पिरगाळला की शाळेत पाय घसरून पडले म्हणून सांगावं लागलं. जाग आल्यावर रडले. तेव्हापासून मी मुलीच्या खोलीत झोपते. कार्यक्रमाला गेलो तर भिंतीला पाठ, दाराकडे तोंड, आणि अक्षता पडायच्या आत बाहेर. माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नाला मी एकटी गेले आणि दिवसभर "दाजी कुठंयत" ला उत्तरं देत बसले.

कँटीनचा दारूचा कोटा महिन्याच्या मध्यालाच संपतो, मग गावातली. मारत नाहीत. ताटं भिरकावतात, मग दोन दोन दिवस शब्द नाही. मुलगा बारावीला आहे, पहाटे उठून भरतीसाठी पळायला जातो. त्याला परवा म्हणाले, "भरतीचं नाव काढलंस तर तंगडं मोडीन." आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत. मुलगा तेव्हापासून बापाशी बोलत नाही.

आत्या (सासूबाई) म्हणतात बाहेरचं आहे. मांढरदेवला जाऊन आलो, उतारेही झाले. दीर म्हणतात रिकामपण आहे, सिक्युरिटीत लावा. तेही करून झालं, काही महिन्यांत सोडली नोकरी.

दिवाळी आठवड्यावर आलीय. मला नक्की काय विचारायचंय ते मलाच धड मांडता येत नाही. माणूस वाईट नाही. पण कायमचं माहेरी जावं हा विचार या महिन्यात पहिल्यांदा मनात आला आणि मीच घाबरले.

मुळामुठा | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

पीटीएसडी (जबर आघातानंतर मनाला जडणारा आजार). मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. दिवाळीला चार दिवस कोकणात जा.

खडूस_खलाशी | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

हल्ली उठसूट प्रत्येक स्वभावाला आजाराचं लेबल लावायची फॅशन आली आहे. आपले जवान शिस्तीचे असतात. ही अमेरिकेची थेरं. पूर्वीचे लोक लढाया करून येऊन शेतीला लागायचे, त्यांना कुठे काय व्हायचं? दारू सोडवा, सगळं जागेवर येईल. फौजेची बदनामी थांबवा ही विनंती.

आजोळ_वाई | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

पूर्वीच्या लोकांना काय व्हायचं ते सांगते, खलाशीबुवा.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनियो नदीवर जी लढाई झाली, ज्यात नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या लढाईत. परत आले ते मरेपर्यंत घरात झोपले नाहीत. गोठ्यात बाज टाकलेली असायची आणि आम्हा नातवंडांना ताकीद होती की आजोबांना मागून हाक मारायची नाही. शेती केली की. आजीच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं, ते का, हे आईनं मला माझ्या लग्नानंतर सांगितलं. गावात त्यांना सगळे "कडक माणूस" म्हणायचे.

सुभेदार_निवृत्त | १३ ऑक्टोबर, दुपारी ४:३३

ताई, मी तुमच्या मिस्टरांच्याच रेजिमेंटचा. खलाशींना आधी उत्तर देतो. २००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. दहा महिने फौज सीमेवर. आम्ही राजस्थानात सुरुंग पेरत होतो. लढाई झाली नाही, एक गोळी आमच्याकडून सुटली नाही, पण सुरुंग पेरताना आणि पुढे उचलताना माणसं गेली. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर एक पोरगा गेला. पेन्शन आल्यावर मी कित्येक दिवस बांधावरून चालायचो, नांगरटीत पाय टाकायचो नाही. स्वतःच्या शेतात. बायको म्हणायची, मालकांना चिखलाचा कंटाळा आलाय. ही काय अमेरिकेची थेरं?

तुमचे मिस्टर नोकरीत असताना डॉक्टरला का बोलले नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून सांगतो. फौजेत मेडिकल कॅटेगरी शेपवर चालते. एस, एच, ए, पी, ई. यातला पहिला एस मनाचा. शेप-वन म्हणजे सगळीकडून फिट. एसमध्ये कॅटेगरी लागली की प्रमोशनला अडचण, कोर्सला अडचण, हत्यार हातात देताना विचार. आणि पलटणीत कुजबुज वेगळीच. हाड मोडलं तर माणूस प्लॅस्टर मिरवतो. झोप लागत नाही हे सांगायला मात्र वाघाचं काळीज लागतं. निवृत्तीच्या वेळच्या रिलीज मेडिकल बोर्डासमोर आम्ही सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "ठीक है साहब." घरी जायची घाई असते.

मिस्टर मुलाला जे बोलले ते मला लागलं. तुम्ही त्याला राग समजताय. पुढच्या गाडीत जो होता, तो बहुतेक तुमच्या पोराच्याच वयाचा असणार.

कृष्णाकाठची | १३ ऑक्टोबर, रात्री १०:०५

सुभेदारसाहेब, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मोबाईल बाजूला ठेवला. त्याच्यावर आत्ता काही लिहीत नाही.

मिरजेचा_वैद्य | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. न तपासता निदान करत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते तपासण्यासारखं नक्कीच आहे.

ही हल्लीची 'फॅशन' आहे, याबद्दल: १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात शेल शॉकवर (लढाईनं सैनिकांच्या मनाला बसणाऱ्या धक्क्यावर) लेख लिहिला, तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. पीटीएसडी हे नाव अमेरिकी निदानपुस्तिकेत आलं १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. त्या सैनिकांच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ३० टक्के पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झाल्याचं दिसलं, आणि युद्ध संपून दहा-पंधरा वर्षं उलटल्यावरही सुमारे १५ टक्क्यांना तो चालू होता. याचा अर्थ बहुतेकांना तो होत नाही. ज्याला होतो तो भित्रा नसतो. त्याच्या शरीराची धोक्याची घंटा वाजतच राहते, बंद करायचं बटण सापडत नाही.

दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा. पहिली, स्फोट आणि बंद झालेले कान. स्फोटाच्या दाबानं डोक्याला आतून सौम्य इजा झालेली असू शकते. सीटी स्कॅन बहुतेकदा नॉर्मल येतो. पण डोकेदुखी, विसरभोळेपणा, प्रकाश सहन न होणं, भडकणं हे राहू शकतं आणि ते पीटीएसडीत इतकं मिसळून जातं की वेगळं काढायला कसब लागतं. दुसरी, ऐकायला येत नसलं तरी माणूस चिडचिडा होतो. तेव्हा कानाची तपासणीही करून घ्या.

मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणत असाल तर थांबा. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, या आजारात त्यांचा उपयोग नाही आणि दारूबरोबर त्या धोकादायक आहेत. दारूही एका रात्रीत जबरदस्तीनं तोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची अचानक तुटली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं. सर्ट्रालीनसारखी औषधं आहेत, पण मुख्य उपचार बोलण्याचा असतो: त्या प्रसंगाकडे हळूहळू, ठरवून, परत जाण्याचा. त्याला काही महिने लागतात.

झोपेतून उठवताना अंगाला हात लावू नका. पायाकडच्या बाजूनं, लांबून, नावानं हाक मारा.

आणि एक सरळ प्रश्न. सिक्युरिटीची नोकरी म्हणालात. घरात बंदूक आहे का?

कृष्णाकाठची | १४ ऑक्टोबर, दुपारी २:१०

आहे. लायसनची बारा बोअर. कपाटात असते, किल्ली त्यांच्याकडे. मी याचा कधी विचारच केला नव्हता.

मिरजेचा_वैद्य | १४ ऑक्टोबर, दुपारी २:३१

मग आधी ते. निवडणुकीच्या वेळी लायसनची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करतात, तशी एरवीही ठेवण्याबद्दल ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विचारता येतं. चोरून हलवू नका, त्यांच्याशी बोलूनच करा. आणि त्यांना शांत वेळी थेट विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच बरं वाटतं.

फटकळ_मंजिरी | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१८

सगळे त्याच्याच दुखण्याबद्दल बोलताहेत. ताट भिरकावणं हा हिंसाचार आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वाचा, त्यात मानसिक छळही येतो. मुलगी रोज हे बघतेय. देशसेवा केली म्हणून बायकोनं अंगावर झेलायचं? माहेरी जा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा.

खडूस_खलाशी | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२५

आल्या संसार मोडायला.

संपादक मंडळ | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

खडूस_खलाशी, ही ताकीद. वैयक्तिक शेरे उडवले जातील.

कृष्णाकाठची | १४ ऑक्टोबर, रात्री ११:३०

मंजिरीताई, राग नाही आला. उलट हे कुणीतरी म्हणायला हवंच होतं. १८१ मुलीलाही पाठ करून घेतलाय. पण आत्ता या घडीला मी गेले तर त्या घरात एक आजारी माणूस, एक बंदूक आणि ऐंशीच्या घरातली सासू राहील. मग तिथं मला झोप लागेल का?

दंडकारण्य | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:४४

मी जोडप्यांबरोबर समुपदेशनाचं काम करते, नाशिकला. एक विचारते. या काही वर्षांत घरात काय काय बंद झालं, याची यादी करून बघाल का? त्यांनी बंद केलं ते, आणि तुम्ही आपणहून बंद केलं तेही.

कृष्णाकाठची | १५ ऑक्टोबर, रात्री ९:५०

केली. मी लिहीत गेले आणि यादी थांबेना.

कुकरची शिट्टी. मी डाळ पातेल्यात शिजवते, गॅस जास्त जातो. टीव्हीवरच्या बातम्या. फटाके. मुलीच्या मैत्रिणींनी घरी येणं. दाराची कडी आपटणं. गणपतीतली मिरवणूक. माझ्या भावानं न सांगता येणं. हिंदी सिनेमा. रात्री मोटार चालू करणं. वाढदिवसाचे फुगे. आत्यांचं मोठ्यानं भजन. माझं गाणं. मी स्वयंपाक करताना गुणगुणायचे, ते कधी थांबलं ते आठवत नाही, आणि ते तर त्यांनी कधी बंद करायला सांगितलंही नव्हतं.

दंडकारण्य | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:१२

मला जे म्हणायचंय ते तुमच्या यादीत आलंच आहे.

यातलं एकेक पाऊल तुम्ही मायेनं उचललंत. त्या त्या दिवशी त्याचा उपयोगही झाला असणार. पण कुकर बंद झाला की "कुकर वाजला आणि काही झालं नाही" हा अनुभव त्यांना परत कधी मिळतच नाही. भीती जिथल्या तिथं राहते आणि जागा कमी होत जाते. मग पुढचा आवाज बंद करावा लागतो. या आजारातल्या जवळपास प्रत्येक घरात हे होतं. बायको जितकी समजूतदार तितकं जास्त होतं, हे मी माझ्या कामात पुन्हा पुन्हा बघितलंय.

म्हणून मला कोकणात पळून जायचा सल्ला पटला नाही. (एखाद्या वर्षी जायला हरकत नाही. दर वर्षी जाणं म्हणजे दिवाळी कायमची सोडणं.) पण उद्या सकाळी जाऊन त्यांच्या कानाशी कुकर लावू नका! हे त्यांना माहीत असताना, त्यांनी निवडलेल्या क्रमानं, उपचार करणाऱ्याच्या मदतीनं करायचं. नवरा-बायको दोघांना एकत्र बसवून करायची पंधरा सत्रांची पद्धतही आहे. कँडिस मॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यात आजार आणि नातं दोन्हींत फरक पडलेला दिसला. आपल्याकडे ती नेमकी पद्धत जवळ मिळेलच असं नाही, पण "आम्हाला दोघांना बोलवा" एवढं कुठल्याही डॉक्टरला सांगता येतं.

त्यांच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही अशी यादीतली एकच गोष्ट मला दिसते. तुमचं गाणं.

मुळामुठा | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

कोकणाचा सल्ला मागे. इगतपुरीला विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स कसा राहील?

मिरजेचा_वैद्य | १६ ऑक्टोबर, दुपारी १:०५

आत्ता नको. दहा दिवस मौन आणि डोळे मिटून स्वतःबरोबर बसणं अशा माणसाला कठीण जाऊ शकतं. प्रवेश अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात ती याचसाठी. उपचार सुरू होऊन स्थिर झाल्यावर डॉक्टरांना विचारून ठरवा.

वकीलसाहेब_कोल्हापूर | १६ ऑक्टोबर, रात्री ८:२०

थोडं अवांतर. अपंगत्व निवृत्तिवेतनाचा विषय निघणारच. आजार सेवेमुळे झाला नाही आणि सेवेनं वाढलाही नाही, असा शेरा मारून बरेच दावे फेटाळले जातात. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असं धरून चालायचं, आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर, त्याच्यावर नाही. दाद मागायला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईत खंडपीठ आहे. पेन्शन आल्यावर निदान झालं तर मुदतीच्या अटी असतात, त्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पण उपचाराचे कागद नसतील तर दावा उभाच राहत नाही. स्फोटानंतर युनिटच्या एमआयरूममध्ये (दवाखान्यात) नोंद झाली होती का ते बघा. असेल तर सोन्यासारखी जपा.

सुभेदार_निवृत्त | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तुमची हरकत नसेल तर पाडव्याला मी येतो. "जुन्या पलटणीचा माणूस, फराळाला आलोय" एवढंच सांगा.

कृष्णाकाठची | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

उशीर झाला, शाळा सुरू होऊन कामं साचली होती.

सुभेदारसाहेब आले होते. अंगणात बसले. पहिला तासभर दोघं कंपनीत कोण कुठून होतं, बेळगावच्या सेंटरमधला उस्ताद किती शिव्या द्यायचा, हेच. मी चहा घेऊन गेले की गप्प व्हायचे. मी काय ते समजून आत बसले. नंतर काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. जाताना साहेबांनी यांना विचारलं, "कार्ड चालू आहे ना ईसीएचएसचं? मीही येतो बरोबर." (ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना.) बायकोनं दवाखाना म्हटलं असतं तर ताट गेलं असतं.

बंदूक जमा झाली. स्वतः जाऊन ठेवून आले, पावती देव्हाऱ्यात ठेवलीय. का ठेवली ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, पण त्या रात्री मी दुसरा प्रश्न विचारला. वैद्यसाहेबांनी सांगितला होता तो. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "पूर्वी यायचं. पोरीकडं बघून गेलं." मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही, जेवायला वाढलं.

पहिल्या फेरीत पॉलिक्लिनिकमध्ये ताटकळत बसावं लागलं आणि हे उठून निघून आले. गर्दी, मागे उघडी खिडकी. दुसऱ्या वेळी साहेबांनी आधी फोन करून वेळ विचारून घेतली. तिथून पुण्याला रेफरल मिळालं, दोन भेटी झाल्या. गोळ्या सुरू आहेत. कानाची तपासणी झाली, डाव्या कानानं बरंच कमी ऐकू येतं. म्हणजे इतकी वर्षं मी डावीकडून बोलले की उत्तर देत नव्हते ते यामुळेही असेल, आणि मी त्यावरून केवढी भांडले आहे.

सगळं छान झालं असं नाही. रम चालू आहे, डॉक्टरांनी हळूहळू कमी करायला सांगितलीय, पण मोजमाप त्यांच्या हातात आहे आणि मला ते पटत नाही. भाऊबीजेला शेजारच्यांनी सुतळी बॉम्ब लावला तेव्हा मोटारीच्या खोलीत जाऊन बसले. पण लक्ष्मीपूजनाला मुलीनं विचारलं, "पप्पा, सात वाजता अंगणात फुलबाज्या लावू का?" आणि ते पायरीवर बसून होते. घड्याळ बघत होते, पण होते.

मी अजून मुलीच्याच खोलीत झोपते. मुलाचा प्रश्न तसाच आहे. एवढंच म्हणाले, "अठरा पूर्ण होऊ दे, मग मी सांगतो त्याला काय ते." मुलगा म्हणतो तोवर पळणं सोडणार नाही. दोघं एकमेकांवर गेलेत.

मंजिरीताई, माहेरी चार दिवस जाऊन आले, सांगून. परत आल्यावर कळलं की कुणाचं काही अडलं नव्हतं.

फटकळ_मंजिरी | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०२

हे आवडलं. दारूचं मोजमाप डॉक्टरांसमोर ठरवून घ्या, घरात नाही.

दंडकारण्य | १० नोव्हेंबर, सकाळी ७:५५

+१. आणि तुमच्यासाठी स्वतंत्र कुणीतरी हवं. वर्षानुवर्षं सावध राहून बायकोचीही झोप उडालेली असते. ईसीएचएसचं कार्ड तुमच्या नावाचं वेगळं असतं, त्यावर तुम्ही स्वतः तपासून घेऊ शकता. त्यांच्या फाइलच्या आडून नको.

तापीची_लेक | १० नोव्हेंबर, दुपारी ३:१६

धागा दोनदा वाचला. माझे मिस्टर सीआरपीएफमध्ये होते, गडचिरोली आणि नंतर छत्तीसगड. आमच्याकडेही रात्रीचं दार तपासणं आहे. आम्हाला हे ईसीएचएस चालेल का?

सुभेदार_निवृत्त | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४०

नाही ताई. ईसीएचएस मुख्यतः तिन्ही सेनादलांच्या माजी सैनिकांसाठी आहे. सीआरपीएफ गृहमंत्रालयाखाली येतं, निवृत्तांना सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना. त्याचं कार्ड काढलं नसेल तर आधी ते काढा. दवाखाना लांब पडत असेल तर तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, आणि कुणालाही चालतो.

तापीची_लेक | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:५२

मराठीत बोलतात का? आमच्या ह्यांना हिंदी येतं, पण मीच बोलणार आहे आधी.

सुभेदार_निवृत्त | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०५

बोलतात. सुरुवातीला भाषा विचारतात, मराठी निवडा.